पहिल्या गाडीत काय भरायचं?

(ठाण्यातील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा वक्त्याचीच ठेवली आहे.)

आजचा विषय पत्रिकेत जरा जड छापला आहे: नवीन उत्पादनाच्या पहिल्या आवृत्तीत काय घ्यावं आणि काय मागे ठेवावं. समोर बरीच आयटीतली मुलं-मुली दिसतायत. त्यांना वाटलं असेल, आज ॲपच्या गोष्टी ऐकायला मिळणार. ॲप येईल, पण थोडंसंच. मी बोलणार आहे ते लोकलबद्दल.

कारण सांगतो. सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती फसली तर लोक शिव्या देतात, ॲप काढून टाकतात, दुसरं घेतात. लोकलच्या प्रवाशाला काढून टाकता येत नाही. डोंबिवलीच्या माणसाला उद्या सकाळी तीच गाडी पकडायची असते. त्यामुळे पहिल्या आवृत्तीत काय घातलं आणि काय वगळलं याचे परिणाम इथे जितके उघडे दिसतात तितके कुठे दिसत नाहीत. आणि मला आज टीकाच करायची आहे. एका निर्णयावर, आणि त्या निर्णयामागे असलेल्या विचाराच्या सवयीवर.

आधी थोडं मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३. हे ठाणेकराला सांगावं लागत नाही. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, तोफांची सलामी. शाळेत एवढं पाठ करून घेतात. एक गोष्ट मात्र सांगत नाहीत, ती म्हणजे ठाणं हे ठरलेलं शेवटचं स्टेशन नव्हतंच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला १७ ऑगस्ट १८४९ ला. तो होता प्रायोगिक मार्गाचा, सुमारे ५६ किलोमीटरचा, म्हणजे कल्याणपर्यंतचा. आणि डोळा होता त्याच्याही पुढे, खानदेश आणि वऱ्हाडावर, तिथल्या कापसावर. मध्ये उभा होता सह्याद्री.

आता जेम्स बर्कली या मुख्य अभियंत्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. समोर तीन कामं आहेत. बोरीबंदर ते ठाणे, बऱ्यापैकी सपाट. ठाणे ते कल्याण, म्हणजे खाडीवर पूल आणि पुढे पारसिकचा डोंगर. आणि कल्याणच्या पुढे घाट, ज्यातून गाडी कशी चढवायची याचं उत्तर त्या वेळी कोणाकडेच तयार नव्हतं. त्यांनी काय केलं? सपाट तुकडा आधी सुरू केला. खाडी ओलांडून कल्याण आलं १ मे १८५४ ला, एक वर्ष आणि दोन आठवड्यांनी. बोरघाट १८६३ मध्ये आणि थळघाट, म्हणजे आपला कसारा, १८६५ मध्ये. त्या घाटात हजारो मजूर दगावले, हेही इथेच सांगून टाकतो. मी काही साहेबांची आरती ओवाळायला उभा नाही.

पण त्या पहिल्या तुकड्यात एक शहाणपण होतं. त्यांनी लांबी कापली, काम कापलं नाही. ठाण्याचा माणूस गाडीत बसला की मुंबईला पोचत होता, आपलं काम करून परत येत होता. त्याच्यापुरता प्रवास पुरा होता. कल्याणच्या माणसाला पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही, हे खरं. त्याला अर्धवट काही दिलं गेलं नाही, हेही तितकंच खरं. खाडीपर्यंत गाडीने जा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा, अशी रेल्वे कल्याणकराला विकली नव्हती.

हा फरक लक्षात ठेवा. कमी लोकांना पुरं देणं ही एक रीत आहे, सगळ्यांना थोडं थोडं देणं ही दुसरी. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्हीत 'पहिला टप्पा' असंच लिहिलेलं असतं.

आता आयटीवाल्यांकडे वळतो. तुमच्याकडे एक शब्द आहे, एमव्हीपी. मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. मराठीत सांगायचं तर, किमान चालेल इतपत माल. फ्रँक रॉबिन्सन यांनी हा शब्द २००१ च्या सुमारास वापरात आणला, आणि एरिक रीस यांच्या २०११ सालच्या 'द लीन स्टार्टअप' या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. रीस यांचा मुद्दा शिकण्याचा होता. लोकांना खरंच काय हवंय हे आपल्याला माहीत नसतं, तेव्हा कमीत कमी खर्चात ते शिकून घेता येईल असं काहीतरी बाहेर काढा. यात वाईट काही नाही. पण शब्द जसजसा हिंजवडी, ऐरोली करत फिरला तसतसा तो शिकण्यापेक्षा उरकण्यासाठी वापरला जाऊ लागला. 'हे पुढच्या रिलीजमध्ये घेऊ' या वाक्यावर किती मीटिंगा संपल्या असतील त्याचा हिशेब नाही. (हशा) हसताय म्हणजे तुम्हीही त्या मीटिंगांत होता.

याचं घरचं उदाहरण यूटीएस ॲप. २०१४ च्या अखेरीला ते मुंबईत आलं. मोबाइलवर लोकलचं तिकीट. कल्पना सुरेख, कारण कल्याणच्या तिकीट खिडकीसमोरची रांग ज्याने बघितली आहे त्याला आणखी काही समजावून सांगायची गरज नाही. पण पहिल्या आवृत्तीत तिकीट काढायचं फोनवर आणि ते छापून घ्यायचं स्टेशनवरच्या यंत्रावर! म्हणजे रांग होती तिथेच राहिली, फक्त खिडकीसमोरून उठून यंत्रासमोर गेली. बिनकागदाचं तिकीट २०१५ मध्ये आलं आणि त्यानंतर त्या ॲपला अर्थ आला. पहिल्या आवृत्तीत पैसे भरणं होतं, नोंदणी होती, मार्ग निवडणं होतं, सगळं होतं. ज्या एका गोष्टीसाठी माणूस ते फोनवर घेणार होता, ती रांगेतून सुटका तेवढी नव्हती.

याउलट एम-इंडिकेटर बघा. २०१० मधलं. त्या वेळच्या साध्या बटणांच्या फोनवरही चालायचं. गाडी नेमकी कुठे आहे हे ते तेव्हा सांगू शकत नव्हतं. सांगत होतं ते वेळापत्रक. पण ते नेटशिवाय सांगत होतं. भर गर्दीत, दोन स्टेशनांच्या मध्ये, रेंज गेलेली असताना कळायचं की पुढची कर्जत किती वाजताची आहे. लहान माल, पण पुरा. १८५३ च्या ठाण्यासारखा.

हे झालं नमनाचं तेल. आता मूळ मुद्दा, एसी लोकल.

देशातली पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली–चर्चगेट अशी धावली. पण ती गाडी चेन्नईहून आली होती एप्रिल २०१६ मध्ये, आणि आली होती आपल्याकडे, मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये. इथे तिची उंची जुन्या पुलांच्या हिशेबात बसेना, म्हणून ती पश्चिम रेल्वेकडे गेली. मध्य रेल्वेवर पहिली एसी लोकल आली जानेवारी २०२० च्या अखेरीला, ठाणे–पनवेल ट्रान्स-हार्बरवर. आणि मुख्य मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये.

या गाडीत नवीन काय होतं? कोणालाही विचारा, उत्तर येईल 'गारवा'. नावच एसी लोकल. पण त्या गाडीत दुसरी एक नवी गोष्ट होती, आणि माझ्या मते ती गारव्यापेक्षा फार मोठी होती. त्या गाडीला बंद होणारी दारं होती.

थोडं थांबून विचार करा. १९२५ मध्ये व्हीटी–कुर्ला पहिली विजेवरची गाडी धावली तेव्हा ती चार डब्यांची होती. पुढे नऊ डबे झाले, बारा झाले, २०१२ पासून मध्य रेल्वेवर पंधराही झाले. या शतकभराच्या प्रवासात दार उघडंच राहिलं. दारात उभं राहणं, लटकणं, दांडीला एका हाताने धरणं, याला आपण मुंबईचा स्वभाव वगैरे म्हणून टाकलं. कळवा–मुंब्रा–दिवा या पट्ट्यात कोणी पडलं की पेपरात दोन ओळी यायच्या. म्हणजे प्रवाशाची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जुनी गरज होती दार. घामाने कोणी मरत नव्हतं.

आणि जेव्हा दार पहिल्यांदा आलं, तेव्हा ते कशाला बांधून आलं? गारव्याला. आणि गारवा कशाला बांधून आला? भाड्याला. सुरुवातीचं भाडं पहिल्या वर्गाच्या भाड्यापेक्षाही जास्त होतं. दुसऱ्या वर्गाच्या पासाशी तुलना केली तर कित्येक पट. म्हणजे पहिल्या आवृत्तीने नकळत एक नियम घालून दिला: ज्याला दार परवडेल त्याला दार. माझी सगळी टीका एवढ्या एका गाठीवर आहे. रेल्वेने एसी गाडी आणली यावर नाही. दोन वेगळ्या गोष्टी, एक जिवाची आणि एक सोयीची, पहिल्याच दिवशी एकाच पिशवीत घालून एकाच किमतीला ठेवल्या, यावर आहे.

पहिल्या आवृत्तीतली अशी गाठ सहज सुटत नाही. हे फार कमी लोक बोलतात. आपल्याला वाटतं, पहिली आवृत्ती म्हणजे कच्चा माल, पुढे सुधारू. वैशिष्ट्यं पुढे वाढवता येतात, हे बरोबर. पण पहिल्या दिवशी लोकांच्या मनात त्या वस्तूची जी जात ठरते, ती बदलायला वर्षं जातात. एसी लोकल 'त्यांची गाडी' ठरली. एकदा 'त्यांची' ठरल्यावर ती वाढवणं म्हणजे 'आमची' कमी करणं, असा हिशेब आपोआप मांडला गेला.

आता पुढे काय झालं ते बघा. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका कित्येक मुदती चुकवत अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. ठाण्याच्या पलीकडच्या माणसाने या दोन रुळांची किती वाट पाहिली! कारण लांब पल्ल्याच्या गाड्या बाजूला गेल्या की लोकल वाढणार, हे गणित त्याला तोंडपाठ होतं. आणि नव्या फेऱ्या जाहीर झाल्या ३६. त्यातल्या ३४ एसी. इतक्या वर्षांनी रूळ मिळाले आणि त्या रुळांनी आणलेल्या फेऱ्यांत आपला पास चालत नाही, हे कळल्यावर डोंबिवलीच्या फलाटावरच्या माणसाला काय वाटलं असेल ते मी सांगायला नको.

मग मे २०२२ मध्ये एसीच्या सुट्या तिकिटाचं भाडं सुमारे निम्मं केलं. गर्दी वाढली, हे मान्य केलं पाहिजे. किंमत उतरवताच लोक चढले. पण सूट होती सुट्या तिकिटाला. मासिक पासाला नाही. आणि ठाणे–कल्याणचा रोजचा प्रवासी म्हणजे पासवाला प्रवासी. ज्याला गाडी रोज लागते त्याच्यासाठी ती होती तेवढीच महाग राहिली. अधूनमधून जाणाऱ्याला स्वस्त झाली. हा निर्णय घेताना नेमका कोणता प्रवासी डोळ्यांसमोर होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने आणखी दहा फेऱ्या एसी केल्या, साध्या गाड्यांच्या जागी. कळव्याला प्रवासी रुळांवर उतरले, बदलापूरला स्टेशनात आंदोलन झालं. आठवड्याभरात त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं की लोकांना सुधारणा नकोच असतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. लोक गारव्याविरुद्ध उतरले नव्हते. त्यांची नेहमीच्या वेळेची गाडी गेली होती. संध्याकाळी सुटणारी बदलापूर म्हणजे नुसती गाडी नसते. पाळणाघरातून मूल कधी घ्यायचं, स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत किती वेळ जाणार, हे सगळं त्या वेळेवर टांगलेलं असतं. त्या जागी दुसरी गाडी ठेवली, जी त्याच मिनिटाला सुटते पण ज्यात आपण चढू शकत नाही. जुनी आवृत्ती काढून घेऊन नवी जबरदस्तीने हातात दिली की तुमच्या ॲपचे वापरणारेही असेच भडकतात. फक्त त्यांना बसायला रूळ नसतात.

आणि मग ९ जून २०२५. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल समोरासमोरून जात होत्या, दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली. ती एकमेकांना घासली आणि खाली पडली. त्या दिवशी चौघे गेले. सकाळची वेळ होती, कामावर निघालेली माणसं होती.

त्यानंतर काही दिवसांतच रेल्वेने जाहीर केलं की साध्या, बिनएसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची. त्याचा आराखडाही सांगितला: दारांना हवा येण्यासाठी झडपा, छतावर हवा आत ढकलणारी यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून जोडमार्ग, म्हणजे गर्दी एकाच डब्यात कोंबून राहणार नाही. मी हे वाचलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो असा: दार आणि गारवा सुटे करता येतात, हे जर जून २०२५ मध्ये काही दिवसांत कागदावर मांडता आलं, तर २०१६ च्या पहिल्या गाडीच्या वेळी ते का मांडलं गेलं नाही?

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. अभियंते म्हणतील, दार बंद केलं की हवा लागते. आपल्या गर्दीच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. तिथे दार लावून घेतलं आणि पंख्यांवर सोडून दिलं तर माणसं गुदमरतील. म्हणून दार हवं तर एसी हवा, हे आपोआप येतं. शिवाय दार बंद होईपर्यंत गाडी हलत नाही. ठाण्याला, डोंबिवलीला दारात माणूस अडकलेला असताना वीस-तीस सेकंदांत दार लागणार कसं? एक गाडी अर्धा मिनिट थांबली की मागच्या दहा गाड्यांचं वेळापत्रक कोसळतं.

हे सगळं खरं आहे. पण यातून निघतं काय? हवेचा प्रश्न खरा आहे, म्हणून तो सोडवायला हवा होता, आणि तो सोडवणं हेच पहिल्या आवृत्तीचं काम होतं. तोच अवघड भाग होता. पहिल्या आवृत्तीतून शिकायचं असतं असं रीस म्हणतात ना, मग शिकण्यासारखं होतं ते हेच: या गर्दीत दार लागतं का, किती सेकंद लागतात, माणसं काय करतात, हवा किती लागते. एखादी साधी, दारवाली, दुसऱ्या वर्गाच्या पासावर चालणारी गाडी कल्याणहून भर गर्दीत सोडली असती तर एका महिन्यात हे कळलं असतं. महाग तिकिटाच्या, कमी भरलेल्या गाडीत दार व्यवस्थित लागतं, यातून गर्दीबद्दल काय शिकणार? ज्या गर्दीसाठी दार हवं होतं ती गर्दीच किमतीने गाडीबाहेर ठेवली होती.

१८५३ वाल्यांनी घाट पुढे ढकलला होता, हे तुम्ही मला ऐकवाल. बरोबर. पण ठाण्याच्या प्रवाशाला घाट लागत नव्हता. आपल्या प्रवाशाला दार रोज दोनदा लागतं. काय पुढे ढकलायचं हे काम किती अवघड आहे यावरून ठरत नाही, ते नसताना माणसाचं काय होतं यावरून ठरतं. तुमच्या मीटिंगमध्ये फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या लावता ना, 'असायलाच हवं', 'असलं तर बरं' वगैरे, तिथे बहुतेक वेळा खर्च आणि मेहनत यांचा रकाना असतो. हे नसल्याची किंमत कोण मोजणार, हा रकाना मला अजून कुठे दिसलेला नाही.

वेळ होत आली आहे. चिठ्ठ्या आल्यात, त्यातली एक वाचतो. "सर, मग एसी लोकल बंद करावी असं तुमचं म्हणणं आहे का?" नाही हो. मे महिन्यात दुपारी ठाण्याहून निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला ती गाडी देवासारखी वाटते, आणि त्यात त्याला हात धरून चढवावं लागत नाही, तेही महत्त्वाचं आहे. माझं म्हणणं पासाबद्दल आहे. साध्या दारवाल्या गाड्या येतील तेव्हा त्यांची पहिली फेरी कोणत्या मार्गावर, किती वाजता आणि कोणत्या पासावर सोडतात ते बघा. दुपारी दीड वाजता, रिकाम्या वेळेत, फोटोपुरती सोडली तर समजा की पुन्हा तेच झालं. सकाळी आठच्या आसपास कल्याणहून फास्ट सोडली आणि आहे त्या पासावर चढू दिलं, तर पहिल्या दिवशी गोंधळ होईल, दारं लागणार नाहीत, गाड्या रखडतील, पेपरवाले झोडपतील. मला ती गाडी बघायची आहे.

दुसरी चिठ्ठी आहे, "पंधरा डब्यांच्या फेऱ्या वाढवणं आधी नको का?" हवं. फलाटांची लांबी वाढवण्याची कामं त्यासाठीच आहेत, पण त्यावर आज बोलायला घेतलं तर तुमची शेवटची स्लो जाईल.